रागाचे उत्तर पाठवण्यापूर्वी

गटातल्या चर्चेत कुणी अपमानकारक लिहिले की तिथल्या तिथे दिलेल्या उत्तराने वाद हमखास चिघळतो. अशा वेळी उत्तर लिहावे, पण पाठवू नये. फोन पालथा ठेवून तीन श्वास नुसते पाहावेत आणि मग तोच मजकूर बुद्धांनी सांगितलेल्या सुभाषित वाणीच्या, म्हणजे चांगल्या बोलण्याच्या, पाच कसोट्यांवर वाचावा: तो योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीच्या भावनेने लिहिलेला आहे का? सत्याची कसोटी बहुधा सहज पार होते. अडते ते वेळेवर आणि मैत्रीवर, म्हणून या दोन आधी तपासाव्यात. टोमण्याचे वाक्य खोडले की मूळ मुद्दा अधिक ठसठशीत होतो. मात्र मृदू वाणी म्हणजे अन्यायापुढे मौन नव्हे. भेदभाव झाला असेल तर तक्रार स्पष्ट शब्दांत आणि लेखी करावीच.