तळघरातला बार: आधी ओल, मग सुतारकाम

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियातील जुन्या घराचे बेसमेंट बहुधा फर्नेस (घर तापवणारे यंत्र), पाण्याची टाकी, कपडे धुण्याचे यंत्र आणि भारतातून येताना आणलेल्या रिकाम्या बॅगा यांच्या ताब्यात असते. तेथे छोटासा बार आणि खेळण्याची खोली करण्याचे मनात आले, की आपण प्रथम काउंटरचे लाकूड आणि दिवे निवडू लागतो. वास्तविक पहिला खर्च पाण्यावर करावा लागतो.

उघड्या काँक्रीटवर दोन फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. उचलल्यावर खालच्या बाजूस थेंब आढळले किंवा काँक्रीट काळवंडलेले दिसले, तर ओल जमिनीतून वर येत आहे. थेंब केवळ वरच्या बाजूस असतील, तर दोष खोलीतील दमट हवेचा आहे. भिंतींना ओल येत असेल, तर महागडा वॉटरप्रूफिंगवाला बोलावण्यापूर्वी छताच्या पन्हाळीचे पाणी भिंतीपासून कुठवर नेऊन सोडले आहे आणि अंगणाचा उतार घराकडे तर नाही ना, हे पाहावे, कारण पुष्कळदा दुखणे तेथेच असते. सम्प पंप (तळाच्या खड्ड्यात साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) असल्यास त्याला बॅटरीची जोड द्यावी. ज्या वादळात पंपाची गरज पडते, त्याच वादळात वीज जाते. 1 सप्टेंबर 2021 रोजी ‘आयडा’ वादळाच्या उरलेल्या पावसाने या भागातील असंख्य बेसमेंट बुडवली, आणि न्यूयॉर्क शहरात तर तळघरातील घरांत अडकून माणसे दगावली.

म्हणूनच बाहेर पडण्याच्या वाटेला पर्याय नाही. अमेरिकेतील घरबांधणीच्या नमुना नियमावलीनुसार आपत्कालीन खिडकीची मोकळी जागा सर्वसाधारणपणे किमान 5.7 चौरस फूट, रुंदी किमान 20 इंच, उंची किमान 24 इंच आणि खिडकीचा खालचा काठ खोलीच्या जमिनीपासून फार तर 44 इंचांवर असावा लागतो. जुन्या घरांसाठीचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून टाउनशिपच्या (स्थानिक प्रशासनाच्या) बांधकाम कार्यालयात जाऊन परवाना काढावा. परवान्याविना केलेले काम घर विकताना हमखास आडवे येते. त्याच सुमारास रेडॉनचीही चाचणी करावी. हा किरणोत्सारी वायू जमिनीतून येतो, त्याला वास नसतो, आणि प्रमाण 4 पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा त्याहून अधिक निघाल्यास उपाय करावा, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते.

ऊब टिकवण्यासाठी भिंतींना थेट फायबरग्लास चिकटवू नये, त्यात ओल अडकून बुरशी धरते. काँक्रीटला लागून कडक फोमचे तक्ते, त्यापुढे लाकडी चौकट आणि मग ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) असा क्रम ठेवावा. जमिनीला टेकणारी पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाचीच असावी. जमिनीला व्हिनाइलच्या फळ्या पुरेशा होतात.

बारच्या बाबतीत मोजमापांना महत्त्व आहे. काउंटरची उंची 42 इंच असेल, तर स्टूल 30 इंचांचे लागते. बसणाऱ्याचे गुडघे आपटू नयेत म्हणून फळी 10 ते 12 इंच पुढे काढावी, प्रत्येकासाठी 24 इंच रुंदी धरावी, आणि मागे उभे राहून पेले भरणाऱ्याला तीन फूट मोकळे सोडावेत. सिंकचा मोह मात्र आवरावा, असे माझे मत आहे. गटाराची वाहिनी जमिनीच्या पातळीहून वर असेल, तर सांडपाणी पंपाने चढवावे लागते, आणि त्यासाठी कधी कधी काँक्रीटही फोडावे लागते. एक लहान फ्रिज आणि कुलूप लागणारे कपाट एवढ्यावर भागते. शिवाय गणपतीत याच खोलीत पन्नास माणसे जेवायला बसणार असतील, तर कपाटाला काचेऐवजी लाकडी दारे बरी.

खेळांमध्ये पूल टेबलाचा आग्रह अनेक जण धरतात. पण आठ फुटी टेबलाला नेहमीच्या लांबीची काठी फिरवण्यासाठी सुमारे साडेतेरा फूट बाय सतरा फूट जागा लागते, आणि मधोमध लोखंडी खांब असलेल्या बेसमेंटमध्ये ती क्वचितच निघते. त्याहून 29 इंचांचा कॅरम बोर्ड स्टँडवर मांडून, वर झाकणाचा दिवा खाली सोडून, चार खुर्च्या ठेवल्या तर आठ फुटांच्या चौकोनात सगळे मावते. फक्त दमटपणा 50 टक्क्यांच्या आसपास राखावा, नाही तर प्लायवुड वाकते. ऑगस्टमध्ये स्ट्रायकर अडखळू लागला आणि राणी खिशाच्या तोंडाशी येऊन थांबू लागली, तर आणखी पावडर टाकण्यापूर्वी डिह्युमिडिफायरची (हवेतील ओल काढणाऱ्या यंत्राची) बादली भरून तो बंद तर पडलेला नाही ना, हे पाहावे.