बेन लोमंड चढायला किती वेळ धरावा?

स्कॉटलंडमधल्या पहिल्या चढाईला बेन लोमंड (९७४ मीटर) बरा. लॉख लोमंड तलावाकाठच्या रोवर्डेनन या वस्तीहून वाट ठळक आहे. मात्र सुरुवात तलावाकाठची, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढायची. वेळ स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या १८९२ च्या नियमाने काढा: दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला १ तास. जाऊन-येऊन साधारण १२ किलोमीटर आणि जवळजवळ ९७४ मीटर चढ, म्हणजे ४ तास. यात डबा, फोटो, दम खाणं काहीच धरलेलं नाही. नवख्याने ६ धरावेत. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, हेडटॉर्च हवाच. आणि जीन्स नकोच! भिजली की वाळत नाही, माथ्यावरच्या वाऱ्यात मांड्या गारठतात.