पगारातला पीएफ हिशोबात लिहिताना या चुका टाळा

ग्नूकॅश या हिशोबाच्या संगणक प्रोग्रॅममध्ये घरचा हिशोब लिहायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी पगाराची नोंद एका ओळीत उरकायचो. बँकेत 79,800 आले, उत्पन्न 79,800, झालं. मग एकदा ईपीएफचं (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच आपला पीएफ) पासबुक उघडलं, तर तिथे अडीच लाखांच्या वर शिल्लक आणि माझ्या हिशोबात पीएफ नावाचं खातंच नाही. घाईघाईत ती रक्कम 'सुरुवातीची शिल्लक' म्हणून घुसवली. आकडा जुळला, पण हे पैसे कुठून आले ते कुठल्याच अहवालात दिसेना. शेवटी चोवीस सॅलरी स्लिपा काढून बसावं लागलं.

मूळ चूक हीच. बँकेत येतो तो पगाराचा उरलेला भाग असतो, म्हणून नोंद स्लिपमधल्या एकूण पगारापासून सुरू करायची. उदाहरणार्थ बेसिक 50,000, घरभाडे भत्ता 20,000, विशेष भत्ता 20,000, म्हणजे एकूण 90,000. एकाच व्यवहाराचे तुकडे असे पडतील ('जमा' म्हणजे पैसे जिथून आले ती बाजू, 'नावे' म्हणजे जिथे गेले ती):

पगार (उत्पन्न): जमा 90,000
बँक खातं: नावे 79,800
ईपीएफ, माझा हिस्सा (मालमत्ता): नावे 6,000
आयकर, पगारातूनच कापलेला टीडीएस (खर्च): नावे 4,000
व्यवसाय कर (खर्च): नावे 200

नावे बाजूची बेरीज 90,000 आली पाहिजे. नाही आली तर ग्नूकॅश स्वतःहून 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाचं खातं काढतं आणि फरक त्यात टाकतं. पुष्कळ जण ते खातं तसंच ठेवतात. ठेवू नका, तिथे एक रुपया जरी दिसला तरी स्लिपमधली एखादी ओळ राहून गेलेली असते. महाराष्ट्रातल्या नोकरदारांचा हमखास फसण्याचा महिना फेब्रुवारी. व्यवसाय कर अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 कापला जातो, त्यामुळे दरमहा आपोआप पडणारी नोंद लावून ठेवली असेल तर त्या महिन्यात बरोब्बर शंभराचा फरक येतो.

पीएफ 'कपात' या शीर्षकाखाली छापलेला असतो, म्हणून बरेच जण त्याला खर्च समजतात. व्यवसाय कर गेला तो गेला, पीएफ मात्र तुमचाच आहे, फक्त हवा तेव्हा हात लावता येत नाही. तो खर्चात टाकला की वर्षाला 72,000 रुपये उडवल्यासारखे दिसतात आणि बचतीचं प्रमाण उगाचच केविलवाणं वाटतं. खर्च-उत्पन्न एवढंच कळणारं साधं मोबाइल अ‍ॅप वापरत असाल, तर पीएफ नावाचं वेगळं खातं उघडा, एकूण पगार उत्पन्नात दाखवा आणि 6,000 त्या खात्यात 'ट्रान्सफर' करा.

आता कंपनीचा हिस्सा. खरा घोळ इथेच होतो. कंपनीही बेसिक आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के भरते, म्हणजे आपल्या उदाहरणात 6,000. पण ते सगळे तुमच्या पीएफमध्ये येत नाहीत. त्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात, तेही 15,000 रुपयांच्या मर्यादेवर मोजून. म्हणून 1,250 पेन्शनला आणि उरलेले 4,750 पीएफला. हे 4,750 स्वतंत्र नोंदीने लिहा: 'कंपनीचा पीएफ हिस्सा' या उत्पन्न खात्यात जमा, ईपीएफ मालमत्तेत नावे. पगाराच्या उत्पन्नात मिसळू नका, नाहीतर मार्चनंतर फॉर्म 16 शी ताळा बसणार नाही.

आणि ते 1,250? मी ते मालमत्तेत धरत नाही. पेन्शनच्या रकान्यातली रक्कम तुमच्या नावावर व्याजासकट वाढत नसते. पेन्शन ठरते ती पेन्शनपात्र पगार आणि सेवेची वर्षं यांच्या गुणाकाराला 70 ने भागून. ती शिल्लक समजून निव्वळ संपत्तीत मिळवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. टीपेत लिहून ठेवलं तरी पुरे.

दोन अपवाद बघून घ्या. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफचे सभासद झालात आणि तेव्हाच पीएफचा पगार 15,000 च्या वर होता, तर साधारणपणे पेन्शनचा वाटा पडत नाही, सगळे 6,000 पीएफमध्येच येतात. दुसरं म्हणजे, काही कंपन्या 15,000 वरच पीएफ कापतात, तेव्हा तुमचे 1,800 आणि कंपनीचे 550 अधिक 1,250. कोणता प्रकार तुम्हाला लागू आहे ते पासबुकातले तीन रकाने (तुमचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा, पेन्शन) सांगतात, तर्क लढवू नका.

काही स्लिपांमध्ये कंपनीचा हिस्सा आधी कमाईत दाखवतात आणि मग कपातीतही. सीटीसीवरून, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चावरून, स्लिप बनवणाऱ्यांची ही रीत. अशा वेळी वेगळी नोंद केलीत तर तोच हिस्सा दोनदा पडतो.

मार्चअखेर ताळा घेताना ग्नूकॅशमधला ईपीएफ पासबुकापेक्षा बरोबर एका महिन्याने जास्त दिसतो. गडबड नाही. मार्चच्या पगारातला पीएफ कंपनी 15 एप्रिलपर्यंत भरते, म्हणून तो पुढच्या वर्षाच्या पासबुकात येतो. ग्नूकॅशमध्ये एका व्यवहाराच्या सगळ्या तुकड्यांना एकच तारीख असते, त्यामुळे मी मध्ये 'पीएफ येणे' असं खातं ठेवलंय. पगाराच्या दिवशी रक्कम तिथे जाते, पासबुकात दिसली की त्या तारखेने ईपीएफमध्ये सरकवतो. थोडं चिकट काम आहे, पण एका कंपनीने तीन महिने पैसे कापून भरलेच नव्हते, ते मला या खात्यामुळेच कळलं.

व्याज दरमहा अंदाजाने टाकू नका. ते महिन्याच्या चालू शिलकेवर मोजलं जातं, पण जमा होतं वर्षाचं एकदम, आणि पासबुकात उमटायला बरेचदा आणखी काही महिने लागतात. वर्षअखेरच्या शिलकेला सरसकट 8.25 टक्क्यांनी गुणायचं (2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांचा दर), हीसुद्धा चूकच. 1 एप्रिलला 6,00,000 होते आणि दरमहा 10,750 (6,000 अधिक 4,750) येत गेले, तर त्या हिशोबाने व्याज 60,142 येतं. खरं व्याज 54,378 च्या आसपास, कारण एप्रिलच्या भरण्याला अकराच महिने मिळतात आणि मार्चच्या भरण्याला एकही नाही. पासबुकातला आकडा दिसला की 31 मार्चच्या तारखेने 'ईपीएफ व्याज' म्हणून उत्पन्नात घ्या.

व्हीपीएफ, म्हणजे स्वेच्छेने जादा पीएफ, भरत असाल तर एक खातं पुरत नाही. तुमचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांवर गेला की वरच्या रकमेवरचं व्याज 1 एप्रिल 2021 पासून करपात्र आहे. ईपीएफखाली करपात्र आणि करमुक्त अशी दोन उपखाती करा. त्या व्याजावर टीडीएस कापला गेला तर व्याज पूर्ण लिहून कर वेगळा दाखवा.

कंपनीमार्फत एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर तिथे रुपये नव्हे, युनिट मोजावे लागतात. खातं म्युच्युअल फंडाच्या प्रकारचं उघडा, आणि भाव पगाराच्या दिवसाचा न घेता युनिट मिळाले त्या दिवसाचा घ्या.

नोकरी बदलल्यावर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, सभासद क्रमांक बदलतो, म्हणून प्रत्येक नोकरीचं उपखातं वेगळं ठेवलेलं बरं. जुन्या खात्यातून आलेले पैसे उत्पन्न नाहीत, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, इतकंच. मात्र व्याजही सोबत आलेलं असतं, ते जुन्या खात्यात उत्पन्न म्हणून आधी लिहा आणि मग पूर्ण रक्कम हलवा, म्हणजे जुनं खातं शून्यावर येईल. पासबुकात या हलवलेल्या रकमेच्या ओळीत पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर दचकू नका, पेन्शनचे पैसे असे सरकत नाहीत, सेवेची वर्षं पुढे जातात. ती नव्या नोकरीला जोडली गेली का, तेवढं पीएफच्या वेबसाइटवरच्या सर्व्हिस हिस्टरीत बघून घ्या.