व्यापारतुटीचा आकडा तपासायचा कसा

‘अमुक देशाशी आपली एवढी तूट, म्हणजे तो आपल्याला लुबाडतोय’ हे वाक्य आयात शुल्काच्या प्रत्येक वादात येतं. तूट म्हणजे निर्यातीपेक्षा आयात जितकी जास्त, तो फरक. त्यावर मत बनवण्याआधी आकडा उलगडून पाहा.

आधी बघा, तो फक्त वस्तूंचा आहे की सेवांसकट. अमेरिकेला वस्तूंच्या व्यापारात प्रचंड तूट येते, पण वित्तसेवा, शिक्षण, बौद्धिक संपदेचं शुल्क या सेवांत तिचं आधिक्य असतं. मग मोजमाप पाहा. भारताच्या आयातीच्या आकड्यात जहाजभाडं आणि विमा असतो. अमेरिकेच्या नेहमीच्या आकड्यात नसतो. म्हणून एकाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात घेऊन वजाबाकी करू नका. मालाचा उगमही तपासा. रॉटरडॅमला उतरून पुढे जर्मनीत जाणारा माल काही वेळा नेदरलँड्सच्या खात्यावर पडतो. फोन व्हिएतनाममध्ये जुळवला, तर आतली चिप कोरियाची असली तरी पूर्ण किंमत व्हिएतनामच्या नावावर लागते. मूल्यवर्धित व्यापाराचे, म्हणजे मालाच्या किमतीत कोणत्या देशाने किती भर घातली ते दाखवणारे, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेचे तक्ते ही गुंतागुंत सोडवतात, मात्र ते काही वर्षं मागे असतात.

आता हाच आकडा धोरणात शिरला की काय होतं, ते स्वतः मांडून पाहा. २ एप्रिल २०२५ला अमेरिकेने जाहीर केलेल्या ‘जशास तशा’ शुल्काचं सूत्र असं: वस्तूंची तूट भागिले आयात, आणि उत्तराचा निम्मा. व्हिएतनामसाठी २०२४ची तूट सुमारे १२३.५ अब्ज डॉलर, आयात १३६.६ अब्ज. भागाकार ९० टक्के, निम्मे ४५. जाहीर झालेला दर ४६. व्हिएतनाम प्रत्यक्षात किती शुल्क लावतो, हे या गणितात कुठेच नाही!

मूळ सूत्रात भाजकात ४ आणि ०.२५ हे आणखी दोन आकडे होते. गुणाकार १, म्हणून ते दिसेनासे झाले. ४ म्हणजे किंमत वाढली की आयात किती पटीने घटते, याचा अंदाज. यातला ०.२५ म्हणजे शुल्काचा चौथाच हिस्सा आयात किमतीत उतरतो, हे गृहीतक. अमेरिकेच्या २०१८-१९च्या शुल्कांवरच्या अभ्यासांत मात्र जवळपास सगळा बोजा आयातदाराच्या किमतीत उतरलेला आढळला. ०.२५च्या जागी ०.९५ घालून पाहा: ४५ ऐवजी १२ टक्के येतात. तूट नसलेल्या देशांनाही किमान १० टक्के लावले होतेच, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलिया.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. चालू खात्याची (वस्तू, सेवा आणि परदेशाशी होणाऱ्या उत्पन्नाच्या देवघेवीचा हिशेब) एकूण तूट म्हणजे देशातली गुंतवणूक वजा देशातली बचत. सरकारी तुटीमुळे बचत घटली, तर एका देशावर शुल्क लावून फार तर पुरवठादार बदलतो. २०१८नंतर अमेरिकेच्या आयातीत चीनचा वाटा घसरला, व्हिएतनाम आणि मेक्सिकोचा वाढला.

शुल्क लागू होण्याच्या आसपासचा एकेक महिना मात्र वापरू नका. आयातदार आधीच गोदामं भरून ठेवतात. मार्च २०२५मध्ये अमेरिकेची तूट त्यामुळेच उसळली आणि एप्रिलमध्ये कोसळली. सलग बारा महिन्यांची बेरीज घ्या.