नव्याने धावू लागल्यावर नडगी दुखते तेव्हा

धावायला सुरुवात करून तीन-चार आठवडे झाले की बहुतेकांचा दम वाढतो. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती पूर्वी दोनदा थांबावे लागत असे, ती फेरी आता एका दमात होते आणि अंतर वाढवण्याचा मोह होतो. नडगी दुखू लागते तीही नेमकी याच सुमारास, आणि हा योगायोग नव्हे. हृदय, फुफ्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडाला मात्र काही महिने लागतात. वारंवार आघात होणाऱ्या जागी हाड आधी जुना भाग काढून टाकते आणि मग तेथे नवा भरते. या साऱ्या घडामोडीला साधारण तीन ते चार महिने लागतात आणि मधल्या काळात ती जागा थोडी कमकुवत असते. त्या काळात भार वाढवत नेला, तर दुरुस्तीपेक्षा झीज जास्त होते. शिन स्प्लिंट्स या नावाने ओळखले जाणारे दुखणे बहुतांशी हेच आहे.

उपायाआधी दुखणे नेमके कोठे आहे, ते पाहावे. खुर्चीवर बसून पाय सैल सोडावा आणि घोट्याच्या आतल्या बाजूपासून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू दाबत वर न्यावा. तीन बोटांच्या रुंदीपेक्षा लांब असा पट्टा दुखत असेल, धावायला लागल्यावर ठणका लागत असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर ते घरच्या घरी सावरता येण्याजोगे शिन स्प्लिंट्स असण्याची शक्यता अधिक. याउलट, नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा ठेवताच कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठसठसत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी धावणे त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये हा तडा पुष्कळदा दिसत नाही; त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त न होता, एमआरआय करावा का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. धावताना नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर होत असेल, तर तो वेगळा विकार आहे आणि त्याचीही तपासणी हवी. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा धावण्याचा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण माझ्या अनुभवात आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या १० किलोमीटरसाठी मी दिवाळीनंतर सराव सुरू केला होता. नडगी दुखू लागल्यावर “सवय झाली की आपोआप जाईल” असे एका जुन्या धावणाऱ्या परिचिताने सांगितले आणि मी तसाच धावत राहिलो. दोन आठवड्यांत सावरले असते ते दुखणे पुढे तीन महिने रेंगाळले, आणि स्पर्धाही गेली ती गेलीच.

दुखणे साधे असेल, तर पहिले दोन आठवडे धावणे थांबवावे. पण अंथरूण धरू नये. दुखत नसेल इतपत चालावे, सायकल चालवावी, सोय असल्यास पोहावे. दुखऱ्या जागी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे ठेवल्याने आराम पडतो, हाड मात्र त्याने भरून येत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे तर सर्वात घातक, कारण सावध करणारी कळच त्यामुळे दबते. आपल्याकडे तेल लावून नडगी रगडण्याची पद्धत आहे. पोटरी हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, हाडाची दुखरी कड मात्र रगडू नये.

माझ्या मते सर्वात जास्त वेळ पोटरीच्या बळावर खर्च करावा. प्रत्येक पावलागणिक नडगीवर येणारा भार पेलायला पोटरीचे स्नायूच मदत करतात. इमारतीच्या जिन्यावर कठडा धरून, चवडे पायरीच्या कडेवर आणि टाचा मोकळ्या अशा रीतीने उभे राहावे. टाचा पूर्ण उचलाव्यात, क्षणभर थांबावे आणि मनात तीन आकडे मोजत खाली आणाव्यात. गुडघे सरळ ठेवून १२ ते १५ वेळा केल्यावर तेवढेच गुडघे किंचित वाकवून करावे, कारण वाकलेल्या गुडघ्याने पोटरीच्या आतला खोल स्नायू कामाला लागतो आणि धावताना मोठा भार तोच उचलतो. असे तीन फेरे एक दिवसाआड करावेत. पायरीवर जड जात असेल, तर सपाट जमिनीवर सुरुवात करावी. नंतर भिंतीला पाठ टेकवून, टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचलण्याचा व्यायाम जोडावा.

पुन्हा धावण्याआधी अर्धा तास झपाझप चालून पाहावे. सलग काही दिवस त्याने दुखले नाही आणि अंगठ्याने दाबूनही कळ आली नाही, तर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशा आठ फेऱ्या एक दिवसाआड कराव्यात. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टाकताना कळतो. तेव्हा दुखले, तर आधीच्या टप्प्यावर परत यावे. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत.

पाऊल थोडे आखूड आणि जलद टाकल्याने नडगीवरचा आघात कमी होतो. अर्ध्या मिनिटात उजवा पाय ४० वेळा टेकत असेल, तर तो ४२ वेळा टेकेल असे पाहावे. याहून मोठा बदल एकदम करू नये. पाम बीच रोडसारख्या रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतार दिलेला असतो. रोज त्याच कडेने त्याच दिशेला धावल्यास एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो, म्हणून शक्यतो सपाट जागा निवडावी. उंचसखल पेव्हर ब्लॉकपेक्षा सेक्टरमधले मातीचे मैदान मला बरे वाटते, मात्र पावसाळ्यात ते निसरडे होते.

बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावेत. महागडा बूट हा काही या दुखण्यावरचा इलाज नव्हे. तळवे अगदी सपाट असतील, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. वजन उतरवण्यासाठी आहार फार कमी केला असेल किंवा स्त्रियांची पाळी अनियमित झाली असेल, तर हाडाला पोषण कमी पडत असण्याची शक्यता असते आणि हे डॉक्टरांना न संकोचता सांगावे.

पारसिक हिलचा चढ सर्वात शेवटी ठेवावा. तिथला उतार चढापेक्षा नडगीला जास्त जाचतो, म्हणून सपाटीवर अर्धा तास सलग, दुखण्याशिवाय धावता येऊ लागल्यावरच तेथे जावे, आणि सुरुवातीचे काही आठवडे वर धावत जाऊन खाली चालत उतरावे.