लॅपटॉपची बॅटरी: बदलायची कशी, जपायची कशी

प्लग काढला की अर्ध्या तासात लॅपटॉप मान टाकतो, किंवा ४० टक्के दाखवता दाखवता अचानक बंद पडतो. अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉप उचलून थेट कोल्हापुरातल्या राजारामपुरी किंवा शाहूपुरीतलं दुकान गाठतात. त्याआधी बॅटरीच गेली आहे का, ते घरी बघून घ्या. चार्जर बिघडला असेल किंवा चार्जिंगची पिन ढिली झाली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे वाया जातील.

बॅटरी किती उरली आहे?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘पॉवर’ आणि ‘सीएफजी’ जोडून लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) द्या आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहून एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली, ते पडद्यावरच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा आणि दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज तिच्यात मावते ती. मूळ ४१,००० आणि आजची २४,६०० असेल, तर ६० टक्के जीव उरला आहे. ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरी बदलायची गरज नाही. ५०-६०वर आली असेल आणि तुमचं काम अडत असेल, तर बदला. मॅकबुकमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात तिची तब्येत थेट लिहिलेली असते.

एका बाबतीत मात्र आकडे बघत बसू नका. टचपॅड वर उचलला गेला असेल, कीबोर्ड मधोमध फुगला असेल किंवा खालचं झाकण नीट बसत नसेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि जाणत्या कारागिराकडे न्या. फुगलेली बॅटरी दाबणं, टोचणं किंवा ओढून काढणं म्हणजे आगीला आमंत्रण. हे काम घरी करूच नका.

नवी बॅटरी घेताना

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून इथेच जास्त वेळ द्या. लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव सांगून बॅटरी मागू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर हवा. झाकण उघडून (कसं, ते पुढे ‘बदलताना’मध्ये दिलं आहे) लेबलचा फोटो काढा आणि तो दुकानदाराला दाखवा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत: लेबलवर ११.४ असेल तिथे १५.२ची बॅटरी चालणार नाही. वॅट-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता, थोडे जास्त असले तरी हरकत नाही, पण आकार, स्क्रूची भोकं आणि कनेक्टर तोच हवा.

लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. बनवल्याची तारीखही बघा, कारण लिथियम बॅटरी वापरली नाही तरी पडून पडून म्हातारी होते. वॉरंटीसह पक्कं बिल घ्या. पार्ट नंबर न विचारता ‘बसतीय की, काय होत नाही’ म्हणणाऱ्या दुकानातून मी तरी बॅटरी घेणार नाही.

बदलताना

काही जुन्या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून खटका सरकवून निघते. तिथे मिनिटभराचं काम आहे. आतल्या बॅटरीसाठी असं करा. आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या. मग लॅपटॉप स्लीपवर न ठेवता शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. चार्जर काढा.

बारीक फुलीचा चांगला स्क्रू-ड्रायव्हर घ्या. झिजलेल्या टोकाने स्क्रूची डोकी खराब होतात. मागचे स्क्रू काढा. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर झाकणाचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर थेट मदरबोर्डला लागू शकतो. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा. धातूची पट्टी घालू नका.

झाकण निघालं की एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. तो सरकतो की वर उचलतो, ते नीट बघून ठरवा. वायरी धरून ओढू नका. मग पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, बॅटरीचे स्क्रू काढा, जुनी उचला आणि नवी बसवा. कनेक्टर शेवटी लावा. बॅटरी डिंकाने चिकटवलेली असेल, जशी बऱ्याच मॅकबुकमध्ये असते, तर काम कारागिरावर सोपवा.

जुन्या बॅटरीच्या कनेक्टरला चिकटपट्टी लावा आणि ती दुकानात किंवा अधिकृत ई-कचरा संकलनात द्या. घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात चेपली गेली तर पेट घेऊ शकते.

नवी बॅटरी टिकवायची तर

लिथियम बॅटरीचे दोन वैरी: उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं. पूर्ण भरलेल्या सेलवर साधारण ४.२ व्होल्टचा ताण असतो. त्यात ऊब मिळाली की आतल्या द्रवाचं विघटन वाढतं आणि क्षमता कायमची घटते. गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसात वर्षभर प्लगलाच असलेल्या लॅपटॉपची बॅटरी ‘न वापरताही’ जाते, ती यामुळे. लेनोव्हो, असूस, डेल, एचपी यांच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) असते. ती आजच चालू करा. सगळ्या उपायांत हाच मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम करू नका, हवेची वाट बंद होते. एप्रिल-मेच्या उन्हात तो गाडीत सोडू नका. रोज शून्यापर्यंत उतरवायचीही गरज नाही. २० टक्क्यांवर आली की चार्जिंगला लावा. महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरून ठेवा.

पावसाळ्यात मात्र वेगळं करा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की ८० टक्क्यांची मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरून घ्या, कारण पुरात लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. पाणी ओसरल्यावर मर्यादा परत लावा. आणि लॅपटॉप पुराच्या पाण्यात भिजला असेल, तर वरून कोरडा दिसला तरी चार्जिंगला लावू नका आणि चालूही करू नका. आत गाळ आणि ओल राहिलेली असते. तो घरातल्या सामानापासून दूर ठेवा आणि बॅटरी कारागिराकडूनच काढून घ्या.