उबंटूवर ब्रॉडकॉमचं वायफाय चालू करताना

लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकून झाली, आवाज, पडदा, टचपॅड सगळं ठीक, पण वायफायचं चिन्हच नाही. अशा वेळी उबंटू पुन्हा टाकण्यात दिवस घालवू नका. आधी आतली चिप पाहा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय -एनएन’ चालवा (आज्ञा इथे नागरीत दिल्यात, टाइप करताना लहान रोमन अक्षरं वापरा). ‘नेटवर्क कंट्रोलर’च्या ओळीत चौकटी कंसात ‘१४ई४:४३६५’ दिसलं, तर ती ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम४३१४२ चिप. हिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे उबंटूच्या गाभ्यात नसतो, ‘डब्ल्यूएल’ नावाचा वेगळा घालावा लागतो.

तो उतरवायला इंटरनेट हवं. लॅनची वायर नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल नुसती चार्जिंगची असेल, तर हा पर्याय दाबताच येत नाही. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’. ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे मूळ कोडपासून तयार होतो, म्हणून वेळ लागतो. मध्येच खिडकी बंद करू नका.

बहुतेकांचं अडतं ते यापुढे. सिक्युअर बूट (ओळखीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी सोय) चालू असेल तर किमान ८ अक्षरांचा पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि १० सेकंदच थांबतो, तेव्हा समोरून हलू नका. कुठलीही कळ दाबा, ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘यस’ निवडा, तोच पासवर्ड द्या. पडदा हुकला तर ड्रायव्हरवरची सही कर्नलला ओळखीची नसते. मग ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’ केल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ चालवून पुन्हा रीस्टार्ट करा.

चिन्ह आलं, पण यादी रिकामी? ‘आरएफकिल लिस्ट’ पाहा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: यस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरे. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर आज्ञेने काही होत नाही, लॅपटॉपवरचं बटण किंवा फंक्शन कळ दाबावी लागते.

ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते, त्यामुळे राउटरचं ५ गिगाहर्ट्‌झचं नाव यादीत येणारच नाही. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही वायफायची सुरक्षा पद्धत लावलेली असेल तर बरोबर पासवर्ड देऊनही जोडणी होत नाही. तिथे डब्ल्यूपीए२ ठेवा.